गोगलगाय अन् पोटात औषध

'गोगलगाय अन् पोटात पाय' असे आपण म्हणतो ते वरून गरीब आणि आतून पक्क्या असलेल्या माणसाला. पण ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या पाहण्यात परसातली गोगलगाय होती. उष्ण समुद्रांत प्रवाळांच्या आसपास राहणारी शंकूगोगलगाय त्यांनी पाहिली असती, तर म्हण निराळी झाली असती. दिसायला ही अतिशय देखणी. निमुळता, शंकूसारखा शंख आणि त्यावर तपकिरी-पांढरी नक्षी. सहज उचलून खिशात टाकावा असा. पण आतला प्राणी जिवंत असताना तो खिशात टाकणे जिवावर बेतू शकते. 'कोनस जिओग्राफस' या तिच्या जातीने माणसे मारलेली आहेत, आणि तिच्या विषावर उतारा म्हणावा अशी लस आजही नाही. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलेली गोष्ट चमत्कारिक आहे. दंश झाला तेव्हा फारसे दुखलेच नाही म्हणे!

गोगलगाय मासा पकडते तरी कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. माशामागे धावणे तिला शक्य नाही. म्हणून निसर्गाने तिच्या तोंडातल्या दाताचीच इंजेक्शनची सुई केली आहे. पोकळ, टोकदार आणि विषाने भरलेली. मासा जवळ आला की सोंडेतून ही सुई सुटते आणि तो क्षणात लुळा पडतो. मासा तडफडत दूर गेला तर या संथ प्राण्याच्या हाती काही लागायचे नाही, तेव्हा विष तात्काळ चालणेच भाग आहे. त्यामुळे तिचे विष एक नसते. एकेका जातीच्या विषात शंभराहून अधिक निरनिराळी छोटी प्रथिने असतात, आणि प्रत्येकाचा नेम मज्जासंस्थेतल्या ठरावीक जागेवर असतो. अशा जाती सातशेच्या वर आहेत. लाखो वर्षांच्या उपासमारीने आणि शिकारीने घडवलेला हा दवाखाना आहे म्हणा ना!

त्याचे दार ज्यांनी उघडले ते बाल्डोमेरो ऑलिव्हेरा वेदनेवर औषध शोधायला निघालेले नव्हते. हे फिलिपिनो शास्त्रज्ञ अमेरिकेत डीएनएवर उत्तम काम करून मायदेशी परतले, आणि मनिलात पाहतात तो त्या कामाला लागणारी उपकरणेच नाहीत. आपल्याकडच्या किती संशोधकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल! लहानपणी त्यांना शंख गोळा करण्याचा नाद होता. शंकूगोगलगायी तिथल्या बाजारात मिळत. लूर्डेस क्रूझ यांना बरोबर घेऊन त्यांनी विष वेगळे करायला सुरुवात केली. चाचणीही गरिबाघरची. उंदराला विषाचा अंश टोचायचा, तारेच्या जाळीला उलटा लटकवायचा आणि तो कधी पडतो ते पाहायचे.

पुढे ऑलिव्हेरा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात गेले. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल मॅकिन्टॉश हा नुकताच शाळा संपवलेला मुलगा त्यांच्या प्रयोगशाळेत आला. त्याने 'कोनस मेगस' जातीच्या विषातून एक रेणू वेगळा केला. तो मेंदूत टोचला की उंदीर थरथरू लागे. अवघ्या २५ अमिनो आम्लांची ही साखळी मज्जातंतूंच्या टोकाशी असलेली कॅल्शियमची एका विशिष्ट प्रकारची दारे बंद करते, असे नंतर कळले. आपल्याला काही लागते-खुपते तेव्हा ती वार्ता मज्जारज्जूपर्यंत येते आणि तिथे पुढच्या पेशीच्या हाती सोपवली जाते. ही देवाणघेवाण नेमक्या याच दारांवर अवलंबून असते. दार बंद, की निरोप तिथेच थांबला.

या रेणूची कृत्रिम प्रतिकृती कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने तयार केली, ती कंपनी दुसरीने विकत घेतली, चाचण्या झाल्या, आणि अखेर डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेने 'झायकोनोटाइड' या औषधाला मान्यता दिली. म्हणजे पाव शतक गेले. तेव्हापासून अधूनमधून वृत्तपत्रांत ठळक मथळा येतो: मॉर्फिनपेक्षा हजारपट प्रभावी! आमच्या व्यवसायातल्या मंडळींना अशा आकड्यांचा मोह आवरत नाही, पण त्याचा अर्थ नीट सांगायला हवा. हजारपट म्हणजे हजारपट आराम नव्हे. तेवढ्याच परिणामाला औषध वजनाने फार कमी लागते, एवढाच त्याचा अर्थ. ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात.

औषधाचे गुण मोठे आहेत, यात वाद नाही. त्याची चटक लागत नाही. श्वास मंदावत नाही. मॉर्फिनचा डोस कालांतराने वाढवत न्यावा लागतो तसे इथे होत नाही. पण ते गोळी म्हणून घेता येत नाही आणि शिरेतून देऊन उपयोग नाही. पोटाच्या कातडीखाली पंप बसवायचा, तिथून बारीक नळी पाठीच्या कण्यापर्यंत न्यायची आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ते थेंबाथेंबाने सोडायचे. शिवाय मात्रा थोडी चुकली तर रुग्णाला भ्रम होतो, भास होतात, मन खचते. त्यामुळे दुसरे सारे उपाय थकलेल्या थोड्या रुग्णांनाच ते दिले जाते. शंकूगोगलगायीच्या विषातले आणखी काही रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आणि तिथेच अडले.

म्हणून हे संशोधन वाया गेले असे कोणी म्हणू नये. वेदनेचा निरोप वाटेत अडवता येतो हे या गोगलगायीने माणसावर सिद्ध करून दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली सुझेट्रिजिन ही गोळी विषातून आलेली नाही आणि तिचे लक्ष्यही सोडियमचे दार आहे, पण कल्पना त्याच घराण्यातली आहे. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळुरूचे पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यांवरच्या शंकूगोगलगायींच्या विषाचा अभ्यास केला.

आता आपल्या घरातल्या दुखण्याकडे वळू. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात रात्रभर कण्हणारा माणूस ज्या घरात आहे, त्या घराला पाठीच्या कण्यातल्या पंपाची बातमी सांगून काय उपयोग? त्याला लागणारे औषध दोनशे वर्षांपूर्वीच अफूतून काढलेले आहे, जगभर मान्य आहे आणि त्याची गोळी काही रुपयांना पडते. ती अफूही परकी नव्हे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने तिची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच कारखाने आहेत. आणि तरीही १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आल्यावर पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. गुन्हेगाराला धाक बसावा म्हणून केलेल्या कायद्याचा धाक बसला तो औषध दुकानदाराला आणि डॉक्टरला. एका बाटलीसाठी अनेक खात्यांचे परवाने, आणि हिशेबात चूक झाली तर तुरुंग. मग ठेवतो कोण?

केरळात मात्र काही डॉक्टर हटून बसले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचे काम सुरू केले. घरोघरी जाणारे स्वयंसेवक उभे केले आणि मॉर्फिन सांभाळून देता येते हे वर्षानुवर्षे दाखवून दिले. त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते. कागदावरची अडचण बरीचशी गेली. उरली ती सवय. मॉर्फिन म्हटले की डॉक्टर दचकतो, नातेवाईक 'व्यसन लागेल हो' म्हणून हात आखडतात, आणि रुग्णाच्या नशिबी साधी वेदनाशामक गोळी येते.

गोगलगायीच्या विषाची पुढची बातमी येईल तेव्हा ती कौतुकाने जरूर वाचावी. आणि त्याच आठवड्यात आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे: मॉर्फिनच्या गोळ्या शिल्लक आहेत का, त्या लिहून देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर इथे कोण आहे, आणि तो कोणत्या दिवशी भेटतो?