प्रमाणपत्राआधीची तीन वर्षे

आंध्रातल्या अराकूच्या डोंगरात एका घराच्या पडवीत मी एक गोणी पाहिली होती. विणलेल्या प्लास्टिकची, पांढरी, धुऊन वाळत घातलेली. पण तिच्यावरचा ‘युरिया’ हा शब्द अजून वाचता येत होता. त्या घरच्या बाईने आपल्या एकरभर कॉफीला कधी युरियाचा दाणाही घातलेला नव्हता. तोडलेली लाल फळं पल्पिंगच्या, म्हणजे गर काढायच्या, जागी न्यायची म्हणून आठवडी बाजारातून तिने रिकामी गोणी आणली, एवढंच. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी केलेल्या शेतकरी गटाच्या तपासनिसाने ती ‘त्रुटी’ म्हणून वहीत नोंदवली. त्याचं चुकलं नव्हतं. खताच्या गोणीतून आलेला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही.

लहान कॉफी उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी सरकारने पैसे द्यावेत का, हा वाद निघाला की मला ती गोणी आठवते. अनुदानाला विरोध करणाऱ्यांचा एक लाडका मुद्दा असा, की हे आदिवासी शेतकरी मुळातच सेंद्रिय आहेत, त्यांना कागद कशाला? ऐकायला हे कौतुकाचं वाटतं. पण पॅरिस किंवा हॅम्बुर्गचा खरेदीदार त्या बाईच्या पडवीत येऊन बसत नाही. त्याला शेताचा नकाशा लागतो, बांधापलीकडचा शेजारी काय फवारतो याची नोंद लागते, तोडणीची तारीख, गोणीवरचा क्रमांक आणि विक्रीची पावती लागते. फवारणी न करणं फुकट असतं. केली नाही हे सिद्ध करणं फुकट नसतं. ज्याच्याकडे दोनशे एकरांचा मळा आणि पगारी कारकून आहे त्याला हा खर्च जाणवतही नाही. भारतात मात्र दहा हेक्टरच्या आतले कॉफी उत्पादक शंभरात अठ्ठ्याण्णवच्या वर आहेत.

‘मग बाजार चढा भाव देतो ना, त्यातून भागवा,’ हा दुसरा आक्षेप. चढा भाव खरा आहे. फेअरट्रेडने २०२३ साली सेंद्रिय कॉफीसाठी किमान दरावरची वाढ पौंडामागे ३० सेंटवरून ४० सेंट केली. पण हा चढा भाव मिळतो प्रमाणित गोणीला. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार कॉफीसारख्या बहुवार्षिक पिकाला साधारण तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो. ज्यांनी आधी रसायनं वापरली, अशा कोडगू-चिक्कमगळूरच्या लहान मळेवाल्यांना हा काळ फार जड जातो. खत थांबल्यावर झाड काही हंगाम मागे पडतं. अरेबिकाच्या खोडात पांढरा खोडकिडा शिरतो. त्याला रसायनाविना आवरायचं तर खोडाची सुटी साल हाताने घासून काढायची, सावली राखायची, पोखरलेलं झाड शोधून मुळासकट उपटून जाळायचं. प्रत्येक झाडापाशी वाकून करायची ही मजुरी आहे. आणि एवढं करून माल विकायचा तो साध्याच भावाने. बाजार चौथ्या वर्षी पैसे देतो, पण खर्च पहिल्या वर्षी होतो. मधली तीन वर्षं कुणाच्या जिवावर काढायची, याचं उत्तर बाजाराकडे नाही, आणि एकरभर जमिनीवर अशा कामासाठी कर्ज देणारी बँक मी तरी पाहिलेली नाही.

अनुदानाने बाजार बिघडतो म्हणणाऱ्यांनी एकदा खताच्या दुकानात जावं. ४५ किलोंची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा हिस्सा सरकार भरतं. खतांच्या अनुदानाची तरतूद २०२५-२६च्या अर्थसंकल्पात दीड लाख कोटींच्या वर आहे. म्हणजे बाजार आधीच झुकलेला आहे, आणि तो त्या गोणीच्या बाजूने झुकलेला आहे. जी बाई गोणीतलं खत वापरत नाही, तिच्या वाट्याला यातला एक रुपया येत नाही. तिच्या तपासणीसाठी थोडी रक्कम मागितली की मात्र शिस्तीचे धडे सुरू होतात, हा अन्याय आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तो मी टाळणार नाही: सेंद्रिय प्रमाणपत्रं विकत मिळतात. २०२१च्या जानेवारीत अमेरिकेने भारताच्या प्रमाणीकरण व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली, कारण देखरेख पुरेशी नव्हती. ती नामुष्की आपणच ओढवून घेतली होती. तरीही यातून ‘अनुदान बंद करा’ हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. लहान शेतकऱ्यांचं प्रमाणपत्र गटाचं असतं, आणि शुल्क भरतो बहुधा निर्यातदार. ज्याने पैसे भरले, त्याच्या नावावर कागद. त्या गोणीवाल्या बाईच्या गावात मी गटाचं प्रमाणपत्र पाहायला मागितलं, तेव्हा ते गावात नव्हतंच. खरेदीदाराच्या कचेरीत होतं. म्हणजे ती बाई दुसऱ्या कुणाला माल विकायला गेली, तर त्या क्षणी तिची कॉफी सेंद्रिय राहत नाही. शेतकऱ्याला आपला कागद दिसत नाही आणि तपासनिसाचा पगार माल विकणाऱ्याच्या खिशातून येतो, तिथे खोटेपणाला वाट मिळते. युरोपीय संघाच्या २०१८/८४८ या नियमावलीने हीच गाठ धरली आहे: गट हा शेतकऱ्यांची स्वतःची कायदेशीर संस्था असला पाहिजे आणि त्यात दोन हजारांहून अधिक सदस्य नसावेत. ही संस्था उभी करायला लागणारं भांडवल सार्वजनिक पैशातूनच यायला हवं.

सार्वजनिक पैशाने असं काम होतं, याचा आपल्याकडे दाखला आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी काय सोसलं हे त्या भागात कुणालाही विचारा. पुढे हा धंदा सावरला त्यात बागेपासून कंटेनरपर्यंतच्या नोंदींचा आणि पुण्याजवळ मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचा वाटा आहे. ती प्रयोगशाळा सरकारी पैशातून चालते. तिला कुणी खैरात म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कॉफीच्या बाबतीत मदत अगदीच नाही असं नाही. कॉफी बोर्डाने प्रमाणीकरणाच्या खर्चाचा काही भाग उचलण्याच्या योजना राबवल्या आहेत. पण अशा योजनांचा रिवाज आधी भरा, मग पावती जोडा, असा असतो, आणि ज्याच्याकडे आधी भरायला आहे तोच त्यांचा लाभ घेतो. २०१५-१६पासूनची परंपरागत कृषी विकास योजना तीन वर्षं हेक्टरी मदत देते, ही रचना योग्य आहे. मात्र तिचा भर शेतकऱ्यांनीच एकमेकांची तपासणी करण्याच्या सहभागी हमी पद्धतीवर राहिला. त्या पद्धतीचा कागद देशात चालतो, निर्यातीला चालत नाही. आपली बहुतांश कॉफी तर परदेशी जाते. या दोन योजना दोन मंत्रालयांच्या आहेत, आणि एकरभर कॉफीवाला त्यांच्या मधल्या फटीत पडतो.

म्हणून मदत शुल्काच्या पावतीवर न देता रूपांतराच्या तीन वर्षांवर द्या, आणि ती निर्यातदाराला न देता शेतकऱ्यांच्या संस्थेला द्या. त्या मदतीतून पहिला पगार गावातल्या अंतर्गत तपासनिसाचा निघावा. तेलुगू आणि आदिवासी ओडिया दोन्ही बोलणारी, शेजारच्या बांधावरचा वास ओळखणारी मुलगी हे काम बाहेरच्या कुठल्याही निरीक्षकापेक्षा चोख करील. तो वर्षातून एकदा येतो, ती रोज तिथेच असते. आणि पैसे वेळेवर द्या. खोडकिड्याचे भुंगेरे एप्रिल-मेमध्ये उडायला लागतात, अंडी सालीच्या फटीत घालतात. खोडं त्याआधी घासून व्हायला हवीत. पहिला हप्ता मार्चच्या सुरुवातीला संस्थेच्या खात्यात पडला पाहिजे. जूनमध्ये पडला तर तोवर अळी खोडात गेलेली असते.