बेकार ठरायलाही कागद लागतो

सुरतेच्या लिंबायतमध्ये खानदेशातली कितीतरी कुटुंबं आहेत. आमच्या नणंदबाई त्यांतल्याच एका घरात दिलेल्या. साड्यांना लेस, टिकल्या लावायचं काम घरी आणायचं, नगावर पैसे घ्यायचे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, कापडबाजार बंद झाला आणि हे कामही थांबलं. फोनवर त्या विचारायच्या, "वहिनी, तो बेकारभत्ता आम्हाला मिळेल का हो?"

भत्ता होता. राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तो त्या वर्षी सरासरी पगाराच्या 25 वरून 50 टक्के झाला, तोही 90 दिवसांपर्यंतच. पण विमा असलेल्या कामगारालाच! घरी बसून टाके घालणारीकडे ना हजेरीपट, ना पगारचिठ्ठी. काम गेलं म्हणायला आधी काम होतं हे दाखवावं लागतं.

गुजरात सरकारनं छोट्या धंदेवाल्यांना 2 टक्के व्याजानं लाखापर्यंत कर्ज देऊ केलं. पण कर्ज फेडावं लागतं. आपल्या कर्नाटकानं मे 2020 मध्ये परीट, न्हावी, रिक्षा-टॅक्सीवाल्यांना एकदाच 5000 रुपये जाहीर केले. अमेरिकेनं मात्र त्याच मार्चमध्ये कायदा करून स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही बेकारभत्ता दिला.

भगिनींनो, ऑगस्ट 2021 पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे. तिच्यामुळं भत्ता मिळत नाही, पण सरकारदरबारी नाव लागतं. शिवाय किती नग नेले, किती पैसे आले, तारखेसह वहीत लिहून ठेवा. उद्या 'केलस इल्ला' म्हणायची पाळी आली, तर 'केलस' होतं हे सांगायला तेवढा तरी कागद हाती असेल.