डबा, टिफिन, मेस, भोजनालय...

माझी मावशी स्वारगेटला, एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर राहते आणि घरून डबे देते. काका गेल्यापासून घर त्यावरच चालतं. मध्यंतरी डबे ३० वरून ११ वर आले, तेव्हा मी (घरातला 'कॉम्प्युटरवाला'!) तिची वेबसाइट करून दिली. पानावर समानार्थी शब्द भरपूर टाकले की गूगल वर आणतं, असं कुठेतरी वाचलं होतं. टाकले. डबा, टिफिन, मेस, खाणावळ, भोजनालय. एका वाक्यात तर 'स्वारगेट' तीनदा!

फोन खणखणू लागला, पण डबे काही वाढेनात. "ताट केवढ्याला?" "पार्किंग आहे का?" "रात्री अकरापर्यंत चालू असतं ना?" एक जण तर सातारची बस पकडायच्या आधी बॅगांसकट जिने चढून थेट दारात.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेच्या पेपरात हे शब्द समानार्थी असतील, स्वारगेटला नाहीत. डबा आपल्याकडे येतो, खाणावळीत आपण जातो. मेस म्हटलं की महिन्याचे पैसे आगाऊ आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. भोजनालय म्हणजे बस सुटायच्या आत पोटात चार घास. भुकेला माणूस दर वेळी वेगळा.

मग दुसरे शब्द घालूच नयेत का? तसंही नाही. मावशी 'टिफिन' म्हणत नाही, पण कंपनीत जाणारी मुलं तेच टाइप करतात. पोळी आणि चपातीचंही तेच (त्यावरून पुण्यात भांडणं होतात ती वेगळी). वस्तू खरंच एक असेल तिथे दोन्ही शब्द हवेत. त्यात मराठी शब्द रूप बदलणार, डबा 'डब्यात' जाणार. पूर्वी यंत्र बरंचसं अक्षरं जुळवत बसायचं, म्हणून लोक सगळी रूपं पेरून ठेवत. गूगलने २०१३ मध्ये हमिंगबर्ड आणलं, २०१९ मध्ये बर्ट, तेव्हापासून विचारणाऱ्याचा रोख ओळखण्यावर भर वाढला. आणि शब्द कोंबलेलं पान त्यांच्या नियमांप्रमाणे सरळ स्पॅममध्ये जमा होतं.

मला विचाराल तर शब्द कोशातून घेण्यापेक्षा मावशीच्या फोनवरून घ्यावेत. कांदा-लसूण नको, कमी तिखट, भाकरी मिळेल का, उपवासाचं काय, मुकुंदनगरात पोचवाल का, गुलटेकडीला? यातला एकही शब्द 'डबा'चा समानार्थी नाही. पण डबा शोधणारा माणूस हेच विचारतो. आता पानावर हेच आहे, साध्या वाक्यांत. डबे १९ झालेत. (शब्दांमुळे की कॉलेजं सुरू झाल्यामुळे, देव जाणे.)

हो, तो बॅगावाला. मावशीने त्याला बसवून जेवायला वाढलं, पैसे घेतले नाहीत. आणि तो जिना उतरायच्या आत मला फोन, "अरे, ते भोजनालय आधी काढ बघू तिथून!"