परमुलखांत वसलेले शेतकरी व आपला ऊसतोड्या

दसरा झाला कीं आपल्या जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, धारूर, केज इकडील गांवें ओस पडूं लागतात. मुकादमाची उचल घेतलेलें जोडपें, ज्यास कारखान्यावर ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, संसार बांधून पश्चिमेकडे जातें, तें उन्हाळ्यांत परततें. मुलूख सोडला तो बुडाला, असें यावर पुष्कळांचें म्हणणें पडतें. तें आम्हांस मान्य नाहीं.

सासवडच्या माळी शेतकऱ्यांनींही मुलूख सोडला होता. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाल्यावर ते बारामतीकडे उतरले, पुढें गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांवर गेले. खंडानें जमीन करावी, ऊस लावावा, गूळ करावा, हा त्यांचा शिरस्ता. पुढें मंदींत गुळाचा भाव कोसळला, तेव्हां त्यांनींच भागभांडवल जमवून १९३२ सालीं अकलूजजवळ साखर कारखान्याची कंपनी काढली व माळीनगर वसविलें. ते गेले ते लागवडीचें ज्ञान, गांठीचा पैसा व भाऊबंद घेऊन. आपला माणूस जातो तो डोक्यावर उचल घेऊन, आणि तोडतो तो ऊस दुसऱ्याचा!

यावरून आपल्याकडेही ऊस वाढवावा असें कांहीं सभासद म्हणतात. येथें आमचा मतभेद आहे. माळीनगरास भाटघर धरणाचें पाणी होतें. आपल्याकडे माजलगांव कालव्याखालील पट्टा सोडला तर विहिरी उन्हाळ्याआधींच तळ गाठतात. कोरड्या मुलखास दाखला हवा तो अमेरिकेंतील कॅन्सस प्रांताचा. दक्षिण रशियांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जर्मनभाषी मेनोनाइट लोक, सक्तीची लष्करी चाकरी नको म्हणून, १८७४ सालीं तेथें गेले. रेल्वे कंपनीकडून गवताळ माळ विकत घेऊन त्यांनीं ग्नाडेनाउसारखीं गांवें वसविलीं. त्यांचा ‘टर्की रेड’ गहूं शरदांत पेरावयाचा व कडक उन्हाळ्यापूर्वीं कापावयाचा. पाटाचें पाणी नव्हतें. पीकच ऋतूस बेतलेलें होतें. ग्नाडेनाउ पुढें विसकटलें, जो तो आपापल्या शेतावर राहावयास गेला; पण गव्हानें तो सारा प्रांत व्यापला.

आपला शाळू याच तऱ्हेचा आहे. मोहोळास निवडलेली मालदांडी ज्वारी काळ्या जमिनींतील ओलीवर येते व वर कडबा देते. अडचण एवढीच कीं पेरणी आटोपते न आटोपते तोंच मुकादमाची गाडी दारांत उभी राहते. मग राखण कोणी करावी? म्हणून संघानें आपल्या निधींतून अशा कुटुंबांची उचल फेडावी, शाळू व हरभऱ्याचें बियाणें उधार द्यावें, आणि आपणांपैकीं ज्यांच्या जमिनी पड राहतात त्यांनीं त्या बटाईनें त्यांच्या हवालीं कराव्या. कूळ लागेल ही भीति खोटी नाहीं. याकरितां एकट्यादुकट्यानें व्यवहार न करतां वकिलाच्या सल्ल्यानें, संघाच्या विद्यमानें लेखी करार व्हावे. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेंत यावा व रकमेचा निकाल श्रावणांतच लागावा. गाड्या निघाल्यावर मंजूर झालेलें कर्ज त्या सालीं कोणाच्या उपयोगीं पडणार नाहीं.