यादींतील रुग्णालय

गतवर्षीं लातुरास मुलीकडे असतां आमच्या कुटुंबाच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. विम्याचें पत्र नांदेडास कपाटांत. जवळचें रुग्णालय गांठलें. प्राण वांचले, पण तें कंपनीच्या यादींत नव्हतें. सर्व रक्कम पदरची मोजावी लागली; पुढें परतावा मिळाला त्यांतही, खोलीभाडें मर्यादेबाहेर गेल्यामुळें, इतर खर्चास त्याच प्रमाणांत कात्री लागली. जन्मभर मुलांस 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगितलें; विम्याचें पत्र मात्र आम्हीं वाचलें नव्हतें!

यादींतील रुग्णालयाचें बिल कंपनी परस्पर भागविते. बाहेर आधीं आपण भरावें, मग मागावें. जानेवारी २०२४ पासून कंपनीच्या संमतीनें यादीबाहेरही रोकडरहित सोय झाली आहे. परंतु ठरलेल्या उपचारापूर्वीं ४८ तास, व तातडींत दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आंत कळविलें पाहिजे. सरकारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तर अंगीकृत रुग्णालयांतच चालते. २०१२ सालीं ती राजीव गांधींच्या नांवानें सुरू झाली, तेव्हां पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतें.

वाचकहो, यादी व पत्राचा क्रमांक पंचांगाशेजारीं टांगून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणूं नये.