अपडेट अडला? आधी वाचा, मग हात लावा



तुमसरचा तांदूळ, मोहाडीचा कोसा, भंडाऱ्याची पितळी भांडी. हा माल आता वेबसाइटवरूनही विकायचा म्हणता ना? मग एक दिवस हमखास येणार. साइट अपडेट करायला बसाल आणि स्क्रीनवर एरर येईल. लगेच कुणीतरी सांगेल, "काही नाही होत, फोर्स मार, नाहीतर फोल्डर उडव अन् पुन्हा डाउनलोड कर." माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला एररपेक्षा महाग पडतो.

आधी गिट काय ते समजून घ्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं हे सॉफ्टवेअर, आणि ते फुकट आहे. कोणी, कधी, कोडमध्ये काय बदललं, याची ती वही समजा.

समजा, तुमच्या कोसा साड्यांच्या साइटचं काम नागपूरचा डेव्हलपर बघतो. त्याने साडीच्या पानावर नवी सोय टाकली. इकडे तुमच्या पोराने दिवाळीचा भाव थेट सर्व्हरवरच्या त्याच फाइलमध्ये बदलला, पण गिटमध्ये नोंद केली नाही. आता 'गिट पुल' चालवलं की गिट थांबतं. म्हणतं, तुमचे इथले बदल पुसले जातील, आधी नोंद करा किंवा बाजूला ठेवा. बघा, हा बिघाड नाही. खोडाखोड करण्याआधी मालकाला विचारणारा हा मुनीम आहे!

मग करायचं काय? पहिलं, पूर्ण फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेवा. दुसरं, 'गिट स्टेटस' चालवून कोणत्या फाइल बदलल्यात ते बघा. तिसरं, 'गिट स्टॅश'ने बदल बाजूला काढा, 'गिट पुल' करा, मग 'गिट स्टॅश पॉप'ने बदल परत आणा. 'गिट रिसेट हार्ड' मात्र घाईत चालवू नका. नोंद न केलेले बदल त्याने पुसले, तर गिट ते परत देत नाही.

दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर 'कॉन्फ्लिक्ट' येतो. गिट दोन्ही ओळी खुणा करून समोर ठेवतं. आता कोणता भाव खरा? हे डेव्हलपरने नाही, मालकाने ठरवायचं. म्हणून "मला कोडिंगमधलं कळत नाही" म्हणून हात झटकू नका. तो प्रश्न कोडचा नसतो, धंद्याचा असतो.

कधी चूक कुणाचीच नसते. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामासाठी साधा पासवर्ड घेणं बंद केलं. काल चालणारी कमांड आज अडली! उपाय होता टोकन किंवा एसएसएच की वापरणं. पासवर्ड दहादा टाकून ते सुटणारं नव्हतंच. आणि कारण एररमध्येच लिहिलेलं होतं.

घाई मोठ्यांनाही भोवते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरने बिघाड दुरुस्त करताना चुकून चालू सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. कोड वाचला, पण सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. बॅकअपच्या बऱ्याच सोयी होत्या, ऐनवेळी बहुतेक कामी आल्या नाहीत. तुमच्या साइटवर सहा तास म्हणजे दिवाळीच्या किती ऑर्डरी, हिशोब करा.

म्हणून आजच तीन गोष्टी पक्क्या करा. कोडचं खातं तुमच्या नावावर हवं. सर्व्हरवर थेट बदल कोणीच करायचा नाही. आणि अपडेट सणाच्या संध्याकाळी नाही, मंदीच्या दिवशी सकाळी करायचा.

दुकानाच्या वहीतलं पान न वाचता तुम्ही फाडत नाही ना? मग एररही वाचा. चला, लागा कामाला!