नवा बाँड, जुनी मोजपट्टी

लोकांच्या आवडत्या माणसाच्या जागी कोणी नवा आला, की त्याची परीक्षा पहिल्या दिवसापासून सुरू होते. गंमत अशी, की त्याने काय केलं याला या परीक्षेत गुण नसतात. आधीच्यासारखं काय केलं नाही, त्याचे मात्र कापले जातात. सुनेच्या हातची आमटी असो, शाळेतल्या नव्या बाई असोत की कारखान्यातला नवा साहेब, मोजपट्टी जुन्या माणसाचीच! पडद्यावरचा नायकही यातून सुटत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' हा हेरपट. १९६२ पासून पाच चित्रपटांत शॉन कॉनरीने जेम्स बाँड असा काही रंगवला होता, की बाँड म्हणजेच कॉनरी असं समीकरण झालं. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'नंतर त्याने ही भूमिका सोडली. त्याच्या जागी आला जॉर्ज लेझनबी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आधी मोटारी विकणारा, मग जाहिरातींतला मॉडेल. वय २९ आणि चित्रपटात अभिनयाचा अनुभव जवळजवळ नाहीच. कॉनरीच्याच न्हाव्याकडे केस कापून आणि कॉनरीसाठी शिवलेला, पण त्याने न नेलेला सूट मिळवून आपण ही भूमिका मागायला गेलो, हा किस्सा लेझनबी स्वतःच सांगत आला आहे. म्हणजे बिचारा आला तोच जुन्या माणसाच्या कपड्यांत!

हा चित्रपट मध्यंतरी मानेसरला आम्ही काही मराठी कुटुंबांनी एकत्र पाहिला. दिल्ली-जयपूर महामार्गावरच्या या औद्योगिक गावात मोटारींच्या कारखान्यांमुळे पुण्या-नाशिकहून बदलीवर आलेली घरं आहेत. रविवारची दुपार, मोठा टीव्ही, पोह्यांच्या बश्या आणि तीन पिढ्या. चित्रपट दोन तास वीस मिनिटांच्या वर चालतो, पण चर्चा त्याहून लांबली.

मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे एक आजोबा पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाले, "छे, हा काही बाँड नव्हे! अलका टॉकीजला कॉनरीला पाहिलंय आम्ही. नुसता दारातून आत आला तरी शिट्ट्या पडायच्या."

त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने डॅनियल क्रेगचे चित्रपट पाहिलेले. कॉनरीशी तिचं काही देणंघेणं नाही. ती म्हणाली, "आजोबा, मला तर हा आवडला. हा घाबरतो, दमतो, खरंच प्रेमात पडतो. बाकीचे नुसतेच जिंकतात."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आल्प्सच्या शिखरावर दडलेल्या खलनायकाच्या मागावर गेलेला बाँड इथे एका क्षणी जत्रेच्या गर्दीत अगदी एकटा, हताश बसलेला दिसतो. तिथे त्याला शोधून सोडवते ती ट्रेसी. पुढे तो तिच्याशी चक्क लग्न करतो आणि लग्नाच्या दिवशीच तिला गमावतो. तोवरच्या एकाही बाँडपटात असं घडलं नव्हतं. ट्रेसी झालेल्या डायना रिगचं बालपण आपल्या बिकानेरमध्ये गेलं होतं. वडील रेल्वेत इंजिनिअर होते. लहानपणी ती हिंदी बोलायची, हे कळल्यावर घरातल्या बायकांना ती एकदम जवळची वाटू लागली.

एक वहिनी म्हणाल्या, "शेवट पाहून मला रडूच आलं. बाँडच्या सिनेमाला कोणी रडतं का?" आणि मग आजोबांकडे वळून त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही 'नटसम्राट' कोणाचं पाहिलंत?"

"डॉक्टर लागूंचं. आणि नंतर दत्ता भटांचंही."

"मग दत्ता भटांना पाहताना उठून आलात का?"

आजोबा हसले. म्हणाले, "नाही गं. पहिला अंक संपेपर्यंत लागू आठवत होते. नंतर विसरलो." मराठी प्रेक्षकाला नाटकातला नट बदलण्याची सवय आहे. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला अप्पासाहेब बेलवलकर पुढे इतरांनीही केला. २०१६ च्या चित्रपटात तो नाना पाटेकरांनी केला. तुलना झालीच, पण भूमिका जिवंत राहिली ती नव्या माणसांमुळेच.

इतका वेळ गप्प बसलेले एक गृहस्थ मग बोलले. ते एका कारखान्यात विभागप्रमुख म्हणून बदलून आले, तेव्हाची गोष्ट. "आधीचे साहेब असं करत नसत, हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. घरी येऊन हिला म्हणायचो, राजीनामा देतो. मग एका रात्री बंद पडलेली मशिन कामगारांबरोबर बसून पहाटेपर्यंत चालू केली. तेव्हापासून ते वाक्य कमी झालं." त्यांची पत्नी हळूच म्हणाली, "ते वर्ष आमच्या घरानेही काढलं."

लेझनबीने मात्र ते वर्ष काढलं नाही. पुढच्या अनेक चित्रपटांचा करार समोर असताना, बाँडचा जमाना संपला असं मनात घेऊन तो एका चित्रपटातच बाहेर पडला. या चित्रपटाची कमाई आधीच्या बाँडपटाहून कमी झाली होती, पण तो आपटला नव्हता. नवोदित अभिनेता म्हणून गोल्डन ग्लोबसाठी लेझनबीला नामांकनही मिळालं होतं. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'साठी निर्मात्यांनी साडेबारा लाख डॉलर मोजून कॉनरीला परत आणलं. त्यानंतर १९७३ मध्ये रॉजर मूर आला. त्याने कॉनरीचा सूट काही घातला नाही. त्याने आपला मिस्कील, हसरा बाँड केला आणि १९८५ पर्यंत सात चित्रपट केले. त्यातल्या 'ऑक्टोपसी'चं चित्रण तर आपल्या उदयपूरला झालं. पुढे २००६ मध्ये क्रेग आला, तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरूनही केवढा गहजब झाला होता!

काळाने मात्र लेझनबीच्या चित्रपटाला न्याय दिला. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने हाच आपला आवडता बाँडपट असल्याचं सांगितलं आहे. २०१० च्या त्याच्या 'इन्सेप्शन'मधल्या बर्फातल्या प्रसंगांवर त्याची छाप दिसते. २०२१ मध्ये क्रेगच्या शेवटच्या बाँडपटात लुई आर्मस्ट्राँगने या चित्रपटासाठी गायलेलं गाणं पुन्हा ऐकू आलं. कॉनरीला शोधत चित्रपटगृहात गेलेल्यांना जे दिसलं नाही, ते पुढच्या पिढीला दिसलं, कारण ती कोणालाच शोधत नव्हती.

मानेसरला तर हा धडा दाराशीच आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाचं, म्हणजे 'ब्लॅक कॅट' कमांडोंचं केंद्र इथे आहे. सैन्यातून आणि पोलीस दलांतून हे जवान ठरावीक मुदतीसाठी येतात, काम करतात आणि आपापल्या तुकडीत परत जातात. त्यांच्या जागी नवे येतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या मदतीला धावलेल्या कमांडोंना आधीचे कोण होते, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हा मंडळी, घरात सून येईल, ऑफिसात नवा साहेब येईल, मुलांच्या वर्गावर नव्या बाई येतील. पहिला अंक संपेपर्यंत जुनं माणूस आठवणारच, त्यात गैर काही नाही. पण तेवढ्यात उठून जाऊ नका. आणि नव्याने आलेल्यांनो, तुम्हीही दुसऱ्या अंकाआधी रंगमंच सोडू नका.